बाळाच्या पाचवीला आम्ही प्राणी बघायला गेलो

नातवाच्या पाचवीला मी प्राणी बघायला गेले होते, असं सांगितलं की आमच्या मुखेडकडच्या बायका तोंडाला पदर लावतात. पाचवीला आजीनं कुठं असावं? बाळंतिणीच्या खोलीत. पाटा-वरवंटा मांडावा, हळदकुंकू वाहावं, दिवा लावावा, आणि बाळाच्या उशाशी कोरा कागद आणि पेन ठेवावं. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या नशिबात काय ते लिहून जाते. घरातल्यांनी फक्त लिहायचं साहित्य द्यायचं, बाकी तिचं ती बघते.

हे सगळं करायला आधी बाळ घरात लागतं. आमचं बाळ नांदेडच्या एका दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं. दोन महिने लवकर आलं होतं, कुणी बोलावलं नसताना पंगतीला आलेल्या पाहुण्यासारखं. सून खालच्या मजल्यावर होती, तिच्याजवळ तिची आई. मुलगा वर, पेटीच्या खोलीबाहेरच्या लोखंडी खुर्चीवर. आमचे हे गावाकडे हरभऱ्यात. आणि मी मुलाच्या फ्लॅटमध्ये, थोरल्या दोघांना सांभाळायला. नात दुसरीत, नातू बालवाडीत.

मला तेव्हा काही वाटत नव्हतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी वाट बघत बसायला नको. दाढ काढायच्या आधी डॉक्टर सुई देतो, मग ओठ आपला असून आपला राहत नाही, चावला तरी कळत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. भाकरी करत होते, वेण्या घालत होते, डबे धूत होते. हे रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, ‘काय म्हणतंय?’ मी सांगायची, ‘आहे तसंच.’ मग ते हरभऱ्याचं सांगायचे आणि मी ऐकायची.

पाचव्या दिवशी सकाळी मुलगा आंघोळीला घरी आला. डोळे तांबारलेले, शर्ट कालचाच. मी तव्यावर भाकरी टाकली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले,

“आज पाचवी आहे.”

“आई, आता तू सुरू होऊ नकोस. तिथं आत मुंगीला सोडत नाहीत.”

“मी आत जाते म्हणाले का?”

“आणि तूच शाळेत पोरांना सांगायचीस ना? सटवाई-बिटवाई काही नसतं, अभ्यास केला की नशीब बदलतं. मी तुझ्याच वर्गात होतो, विसरलीस का?”

ते खरंच मी सांगायची, आणि छडी टेबलावर आपटून सांगायची. त्यानं उभ्या-उभ्या अर्धी भाकरी खाल्ली. दारात चपला घालताना म्हणाला, पोरं पाच दिवस टीव्हीपुढं बसून राहिलीत, त्यांना कुठंतरी ने. प्राणी बघायला ने, मला न्यायचीस तसं. आणि गेला. ‘मला न्यायचीस तसं’ हे त्यानं प्रेमानं म्हटलं की टोमणा मारला, याचा मी भांडी घासताना विचार केला. टोमणाच असावा.

कारण तेव्हाची मी म्हणजे काय प्रकार होता, हे त्याच्याइतकं कुणी भोगलेलं नाही. नवीन-नवीन मास्तरीण झालेली, नायलॉनची साडी, डोळ्याला काळा चष्मा, हातात पर्स. पर्समध्ये एक रुमाल आणि लिंबाच्या गोळ्या, पण धरायची अशी की आत सातबारे आहेत. पोराला घेऊन एसटीनं नांदेडला यायची आणि प्रत्येक पिंजऱ्यापुढची पाटी मोठ्यानं वाचायची. त्याच्यासाठी नाही, आजूबाजूच्या खेड्यातल्या बायकांना कळावं की ही शिकलेली आहे. त्या बायका पण गरीब, मान डोलवायच्या. एकदा नीलगायीपुढं पोरगं म्हणालं, ही निळी नाही. मी म्हणाले, उन्हामुळं तसं दिसतं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण परत येताना एसटीत मी त्याची तोंडी परीक्षा घ्यायची. साळिंदराचे काटे कशाच्या उपयोगाचे, मोराचा पिसारा कशासाठी. त्याला वाघापेक्षा माझीच भीती वाटत असणार.

आणि त्याची पाचवी. ती तर आमच्या घरात अजून सांगतात.

माझं बाळंतपण सासरीच झालं. पाचव्या दिवशी सासूबाई पाटा धुऊन मांडू लागल्या, तशी मी बाजेवरून भाषण सुरू केलं. आत्याबाई, हे अज्ञान आहे. कपाळावर कुणी लिहीत नसतं. असेल तर दाखवा, मी वाचून बघते. अंगात अजून उभं राहायची ताकद नव्हती, पण जिभेला काही झालेलं नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. ‘बरं बाई, तुझं लेकरू हाय,’ म्हणाल्या, पाटा उचलला आणि परत चुलीजवळ नेऊन ठेवला. वादच घातला नाही. मला जिंकल्यासारखं वाटलं. दिवेलागण होईपर्यंत वाटलं. मग बाहेर अंधारून आलं, पोरगं झोपेत उगाच हसलं, आणि मला वाटलं, समजा असलीच तर? समजा ती आली, आणि या शहाण्या बाईमुळं तिला लिहायलाच काही मिळालं नाही तर? मी हळूच हात लांबवून शाळेचं हजेरीचं पेन काढलं, एक कोरा कागद काढला, आणि गोधडीखाली, पोराच्या उशाशी सरकवून ठेवलं.

सकाळी सासूबाई गोधडी झटकायला आल्या. पेन घरंगळत जमिनीवर. त्यांनी उचललं, उलटसुलट करून बघितलं.

“ठिवलं ते लई चांगलं केलंस,” म्हणाल्या. “पण टोपण तरी काढायचं की गं. ती काय टोपण काढीत बसंल का? तिला गावात अजून चार घरं असत्याल.”

मग ही गोष्ट त्यांनी आयुष्यभर सांगितली. बारशात सांगितली, लग्नात सांगितली, माझ्या हेडमास्तरांना चहा देता-देता सांगितली. मुलाला दहावीत गणितात कमी मार्क पडले तेव्हा, ‘लेकराचा काय दोस न्हाई, टोपणाचा हाय,’ असं म्हणाल्या.

तर त्या दिवशी दोघांना घेऊन मी ऑटोत बसले. नातीनं चित्रकलेची वही आणि स्केचपेनांचं पाकीट घेतलं, नातवानं शेंगांची पुडी. प्राणी म्हणजे फार काही नाहीत. बागेच्या मागच्या अंगाला जाळीचे पिंजरे आहेत. ससे, मोर, बदकं, काही हरणं, रंगीत पक्षी. एक एमू होता. मध्ये आपल्याकडं एमू पाळायचं वेड आलं होतं ना, तेव्हा रेणापूरकडच्या कुणीतरी पाळलेला, मग कोंबडी म्हणून खपेना आणि गाय म्हणून दूध देईना, म्हणून इथं आणून दिलेला, असं तिकिटाच्या खिडकीतला माणूस म्हणाला. एमू जाळीजवळ येऊन माझ्याकडं बघत राहिला. तोंड किंचित उघडं, मान पुढं, समोर काय चाललंय यातलं काहीच कळत नाही पण बघतोय. नातू म्हणाला, आजी, हा तुझ्यासारखा बघतो. नातीनं त्याला चिमटा काढला. पण पोराचं चुकलं नव्हतं. मी त्या एमूपुढं बराच वेळ उभी राहिले. सोबत बरी वाटली.

पाट्या मी वाचल्या नाहीत. नातीला वाचता येतं, तिनं वाचल्या, आणि हळू वाचल्या. बरंय, म्हटलं, हा रोग रक्तात उतरला नाही.

सशांपाशी असताना फोन वाजला. मुलगा होता. म्हणाला, सकाळपासून ऑक्सिजन वाढवावा लागलाय. बाळ मधेच श्वास घ्यायचं विसरतं. डॉक्टर म्हणाले, आजची रात्र निघू द्या, मग बोलू. मी म्हणाले, बरं. तो म्हणाला, बरं. मग तो फोन ठेवेना आणि मीही ठेवेना. त्याच्याकडून कसलं तरी यंत्र टुकटुक करत होतं आणि माझ्याकडून बदकं. मग त्याचाच कट झाला.

रडू येईल म्हणून मी वाट बघितली. आलं नाही. फोन पिशवीत टाकला, नातवाचं नाक पुसलं, आणि पुढच्या पिंजऱ्याकडं गेलो.

पुढं अजगर होता. त्याला जाळी नाही, काच. आत एक बल्ब लावलेला, थंडीचे दिवस म्हणून. अजगर कोपऱ्यात गुंडाळी करून पडला होता. नातीनं काचेला नाक लावलं.

“आजी, बाळाची पेटी एवढीच आहे का?”

“याहून लहान.”

“त्यात पण असा दिवा आहे?”

“असेल. ऊब लागते ना.”

नातू शेंग फोडत होता. म्हणाला, “बाळाला बघायला तिकीट किती?”

“तिथं तिकीट नसतं.”

“मग आपल्याला का नाही सोडत?”

“मोठं झाल्यावर सोडतील.”

“कोण मोठं झाल्यावर? मी का बाळ?”

“दोघं पण,” मी म्हणाले. याहून चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

मग नात म्हणाली, हा हलत नाही. जिवंत आहे ना? मी म्हणाले, असणार, झोपलाय. ती म्हणाली, झोपला तरी पोट हलतं, पप्पांचं हलतं. म्हणून आम्ही तिघं काचेपुढं उभे राहिलो, अजगराचं पोट हलतं का बघायला. मागून लोक येत होते, बघत होते, ‘काय करत नाही हा’ म्हणून पुढं जात होते. आम्ही तिथंच. मी इतकं टक लावून आयुष्यात काही बघितलं नसेल, लग्नात अंतरपाटाच्या पलीकडं सुद्धा नाही. त्या ठिपक्यांमध्ये कुठं काही वर येतंय का, खाली जातंय का. डोळ्यांत पाणी आलं, पण ते न मिटल्यामुळं.

“हललं,” नातू म्हणाला.

नात म्हणाली, हो, मला पण दिसलं. मला दिसलं नाही. मी म्हणाले, हो, हललं.

तिथून निघाल्यावर मी बाकावर बसले आणि नातीला म्हणाले, तुझ्या वहीतला एक कागद दे. कोरा. आणि एक पेन दे. असं काही करायचं म्हणून मी घरून निघाले नव्हते. खरं सांगते, तेव्हाही सटवाई आहे असं मला वाटत नव्हतं, आणि नाही असंही वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं म्हटलं ना. पण हाताला कळत होतं की आज पाचवी आहे आणि अजून कागद काढलेला नाही. दसऱ्याला आपट्याची पानं आणायची राहिली की हात कसा अस्वस्थ होतो, तसं.

नात म्हणाली, सगळी पानं पुढून भरलीत. म्हटलं, मागून चालतं. तिनं मघाशी काढलेलं एमूचं चित्र असलेलं पान फाडलं. पेन कोणतं, म्हणाली. कोणतंही. तिनं हिरवं दिलं, कारण हिरवं तिला आवडत नाही.

मग सांगावं लागलं कशासाठी ते. सटवाई येते, लिहिते, जाते. नात विचारात पडली. म्हणाली, बाळ दवाखान्यात आहे, तिला पत्ता कसा कळणार? आपण वर दवाखान्याचा पत्ता लिहू या. मी म्हणाले, नाही, कागद कोराच लागतो. नातू म्हणाला, मग काय लिहायचं ते आपण तिला सांगू.

“सांगायचं नसतं. तिचं तिनं लिहायचं.”

“मग आपण कशाला पेन द्यायचं?”

हाच प्रश्न मी सासूबाईंना विचारला होता, फक्त मी त्यासाठी अर्धा तास घेतला होता आणि मध्ये ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ असा शब्द दोनदा आणला होता. नातवाला मी सांगितलं, पाहुणे आले की पाणी द्यावं लागतं ना, मग ते पिऊ देत नाहीतर नको. ते त्याला पटलं. त्याला पाहुणे आवडतात.

टोपण मी आठवणीनं लगेच काढलं. आता तरी काढावं, म्हटलं, सासूबाई वरून बघत असतील. काढलं आणि नातवाच्या हातात धरायला दिलं. दुसऱ्या हातात त्याच्या शेंगा. बागेच्या भिंतीवर वानरं असतात. पिंजऱ्यातली नव्हे, मोकळी, आपली-आपण प्राणी बघायला आलेली. त्यांतलं एक उतरलं, सावकाश, घाई न करता, नातवासमोर बसलं आणि त्याच्या मुठी उघडून बघितल्या. शेंगा नको होत्या. टोपण घेतलं, दातांत धरलं आणि परत भिंतीवर जाऊन बसलं. नातू रडला नाही. तो म्हणाला, त्याला हिरवा रंग आवडतो.

घरी आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आता पाटा मांडायचा तर फ्लॅटमध्ये पाटा कुठला? सूनबाई सगळं मिक्सरवर वाटते. मी मिक्सरचं भांडं घासून पुसून ओट्यावरून खाली आणलं, पाटावर ठेवलं आणि त्याला हळदकुंकू लावलं. नात म्हणाली, झाकण ठेवू का? म्हटलं, नको, आज कशालाच झाकण नको. माझ्या एका मऊ जुन्या साडीची चौघडी घालून पलंगावर अंथरली, बाळ त्यावर असतं तर डोकं जिथं आलं असतं तिथं नातीनं आपला हातरुमाल दुमडून ठेवला. त्याच्याजवळ कागद, त्याच्यावर पेन. दिवा लावला. दोघांनी हात जोडले. त्या साडीवर कुणीच नव्हतं, आणि तरी नातू म्हणाला, हळू बोला.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी दुसऱ्या खोलीत जाऊन घेतला. काही वेगळं सांगायला नव्हता, आहे तसंच आहे म्हणाला. पोरं जेवली का, विचारलं. बाग कशी होती, विचारलं. मग म्हणाला,

“आई, ते केलंस का?”

“काय ते?”

“ते... पाचवीचं.”

“केलं.”

“टोपण काढलंस का?”

मला वाटलं चेष्टा करतोय. पण त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता. त्याला खरंच विचारायचं होतं. लोखंडी खुर्चीवर बसून, आत काय चाललंय ते न कळता, एवढा शिकलेला माझा मुलगा, मी शिकवलेला, त्याला एवढंच पक्कं करून घ्यायचं होतं.

“काढलं,” मी म्हणाले. “वानरानं नेलं.”

“काय?”

“टोपण. बागेत वानरानं नेलं. आता परत लावायचं म्हटलं तरी लावता यायचं नाही.”

मग तो हसला. नाकातून, जरासं, खोकल्यासारखं, मग नीट. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्या खुर्च्यांवर बसलेल्या बाकीच्या लोकांनी त्याच्याकडं बघितलं असेल. हसता-हसता त्याचा आवाज कुठं वळला ते मी ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. मी फोन कानाला लावून उभी राहिले. मला अजूनही काही वाटत नव्हतं. फक्त पाठ दाराला टेकवली.

नातू सटवाईला बघायला जागा राहणार होता. वरणभात खाता-खाताच झोपला.

सकाळी फोन आला. रात्र निघाली, म्हणाला. मी म्हणाले, बरं. तोही म्हणाला, बरं. त्यानंतरही आमच्या खूप रात्री अशाच निघाल्या, एकेक करून, आणि हरभरा होऊन शेत रिकामं झालं तेव्हा कुठं बाळ पेटीतून बाहेर आलं. ते सगळं सांगत नाही, ते सगळ्यांचं सारखंच असतं.

त्या सकाळी कागद कोराच होता, हे सांगायला नको. नातीनं पेन उचललं, वहीवर ओढून बघितलं. हिरवं उमटेना. नुसता ओरखडा.

“आजी, यातली शाई संपली.”

शिक्षिका आहे मी. टोपण नसलं की स्केचपेन एका रात्रीत वाळतं, हे मला माहीत आहे, आणि मी तिला तेच सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं ते पेन पाकिटात परत ठेवलं, त्याच्या जागेवर, आणि कागद मी माझ्या पर्समध्ये ठेवला. हो, अजून वापरते मी पर्स. अजूनही तीत फार काही नसतं.

बाळाला आता दात येतायत. घरातल्या एकाही पेनाला टोपण राहिलेलं नाही. सगळी चावून टाकली त्यानं.